छताचे ४६ हजार

"मैंने कब कहा था?" हवेलीच्या मालकाचं हे एवढंच उत्तर जौहरी बाजारातल्या एका मराठी गलाईवाल्याने मला फोनवर पुन्हा पुन्हा ऐकवलं. आदल्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच्या खिशातून ४६ हजार घालून मालकाचं छत दुरुस्त करून घेतलं होतं. पैसे मागायला गेले तेव्हा हे ऐकायला मिळालं. गंमत नव्हे, चीड आणणारी गोष्ट अशी की दुरुस्तीच्या आधी हाच मालक फोनवर म्हणाला होता, "करवा लो, देख लेंगे." या दोन वाक्यांमध्ये एका भाडेकरूचे ४६ हजार अडकले होते. ते सोडवायचं काम नेमकं कसं चालतं, हे बघायला मी जयपूरला गेले.

हे गलाईवाले दादा मूळचे विट्याजवळचे. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुने दागिने आणि सराफी कारखान्यांतली झाडलोट वितळवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं करायचं, हा तो धंदा. दादांचे वडील या शहरात आले, तेव्हापासून कुटुंब परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका हवेलीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतं. भाडं आज महिना २,४०० रुपये.

त्या खोल्यांवरचं छत समजून घेतल्याशिवाय ४६ हजारांचा हिशेब कळत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत वालुकाश्माच्या लांब पट्ट्या टाकलेल्या, त्यांच्यावर चुना, सुरकी आणि खडीचा जाड थर, वरून घोटलेला चुना. सिमेंट नाही, लोखंड नाही. असं छत नीट राखलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण मध्ये कधीतरी कुणीतरी भेगांवर सिमेंट थापून ठेवलं. सिमेंट आणि चुना एका चालीने फुगत-आकसत नाहीत. दोघांच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की ते बाहेर पडायला वाट राहत नाही. दादांच्या स्वयंपाकघरावरची एक पट्टी अशीच ओल मुरून तडकली.

जयपूर म्हणजे कोरडं गाव, असं आपल्याला वाटतं. पण १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात याच शहरातल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या तळघरात पाणी भरलं आणि तिथली इजिप्तची ममी काचेची पेटी फोडून बाहेर काढावी लागली. त्या दिवशी दादांच्या घरात पहिल्यांदा छतातून धार लागली. तेव्हापासून दर पावसाळ्याला मालकाला फोन, दर वेळी "देख लेंगे". शेवटी तडकलेली पट्टी खाली येईल म्हणून वहिनींनी त्या खोलीत स्वयंपाक करणं सोडलं, आणि दादांनी गवंडी बोलावला. अर्धं छत झालं. ४६ हजार.

मी गेले तेव्हा उरलेलं अर्धं छत गळायच्या बेतात होतं. या वेळी दादांनी ठरवलं होतं की आधी कागद, मग गवंडी.

बनी पार्कातल्या कलेक्टोरेटच्या आवारात, कोर्टाला लागून, टेबलं मांडून टाइपिस्ट बसतात. दादा ज्यांच्याकडे गेले ते साठी ओलांडलेले गृहस्थ. टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर. जुना हिंदी टाइपरायटर कापडात गुंडाळून पायाशी ठेवलेला. या माणसाला मी विसरू शकलेले नाही. दादांनी बसल्याबसल्या सगळी कहाणी सुरू केली, पट्टी, फोन, अपमान. त्या टाइपिस्ट बाबूजींनी हात वर केला आणि विचारलं, "लिखा-पढ़ी में क्या है?"

दादांनी प्लास्टिकच्या पिशवीतून वडिलांच्या काळचा किरायानामा काढला. स्टॅम्पपेपर घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. बाबूजींनी तो उजेडाकडे धरून ओळ न्‌ ओळ बोट फिरवत वाचला. तळाकडे एका ओळीवर बोट थांबलं. छत आणि भिंतींची मोठी दुरुस्ती मालकाकडे, पुताई आणि किरकोळ तूटफूट किरायेदाराकडे, असं तिथे शाईने लिहिलेलं होतं. बाबूजींनी त्या ओळीखाली पेन्सिलची बारीक रेघ मारली आणि पहिल्यांदाच दादांकडे नीट बघितलं. "इसी पर लड़ाई है," ते म्हणाले.

ते बरोबरच होतं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याचं १०८ वं कलम सांगतं की जी दुरुस्ती करून द्यायला मालक बांधील आहे ती, सूचना देऊनही, त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापावा किंवा मालकाकडून वसूल करावा. म्हणजे हा हक्क काही नवा नाही. पण त्यातल्या दोन अटी सगळं ठरवतात. मालक बांधील असला पाहिजे, आणि सूचना दुरुस्तीच्या आधी दिलेली असली पाहिजे. पहिली अट किरायानाम्याच्या त्या ओळीने भागवली. दुसरीवर दादांचे ४६ हजार अडले. फोनवर बोललेलं हवेत गेलं होतं. उरले ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले गळक्या छताचे फोटो, आणि त्याखाली मालकाचा जोडलेल्या हातांचा एक इमोजी.

बाबूजींनी ते संदेश तारखेसकट छापून घेतले. नोटिशीवर सही करणारे वकील म्हणाले की कोर्टात हे मांडायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आला आहे.

नोटीस टाइप होताना मी शेजारी उभी होते. दोन पानं. तक्रारीचा सूर कुठेही नाही. कोणती खोली, छताचा कोणता कोपरा, किती फूट, कधीपासून ओल, किरायानाम्यातली ओळ, पंधरा दिवसांची मुदत, आणि त्यानंतर खर्च वसूल केला जाईल हे वाक्य. दादांना "माझ्या बायकोला खोली सोडावी लागली" हे घालायचं होतं. बाबूजींनी ते घातलं नाही. त्याऐवजी "रसोईघर उपयोग योग्य नहीं रहा" असं लिहिलं. दादा हिरमुसले. मला मात्र त्या कोरड्या वाक्यात त्यांची बाजू जास्त भक्कम वाटली. त्याच छताखाली राहणाऱ्या आणखी दोन भाडेकरूंच्या सह्या घेतल्या आणि पोचपावतीच्या टपालाने नोटीस गेली.

भाडेकरू असं काही करायला एवढे का कचरतात, हे मी वकिलांना विचारलं. त्यांनी चार बोटं दाखवली. राजस्थानचा भाडे नियंत्रण कायदा २००१ चा आहे आणि तो १ एप्रिल २००३ पासून लागू झाला. चार महिन्यांचं भाडं थकलं तर जागा खाली करून मागायचं कारण मालकाला त्यातून मिळतं. खर्च भाड्यातून कापायला लागलं की मालक त्यालाच थकबाकी म्हणतो. परवानगीशिवाय बांधकामात मोठा बदल केला, हेही त्या कायद्यात जागा खाली करून मागायचं कारण आहे. म्हणजे छत दुरुस्त केलं तर "तोडफोड केली", आणि पैसे कापले तर "भाडं थकवलं". चार महिने, हा आकडा दादा त्या दिवसांत सारखे बोलत होते. म्हणूनच त्यांनी एक रुपयाही कापला नाही. दर महिन्याला पूर्ण २,४०० बँकेतून भरत राहिले. वाद रेंट ट्रिब्युनलमध्ये गेलाच तर भाड्याच्या बाबतीत हात स्वच्छ हवेत, असं वकिलांनी बजावलं होतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात ही वाट जास्त आखून दिलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक, किमान पंधरा दिवसांची नोटीस, तरीही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूंनी करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या मालकावर बंधनकारक, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हे फार मोलाचं आहे. पण या कपातीला मर्यादा आहे, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. दादांच्या भाड्याला ती लावून बघितली तर वर्षाला ७,२०० रुपये होतात. ४६ हजार फिटायला सहा वर्षांहून जास्त लागतील. केंद्राने २ जून २०२१ ला मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत कपात करता येते आणि कोणती दुरुस्ती कुणाची याची यादीच दिलेली आहे: छत-भिंतींची डागडुजी, रंगसफेदी, नळाच्या वाहिन्या मालकाकडे, नळाचे वॉशर, स्विच, कुलपं, काचा भाडेकरूकडे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

मालकाची बाजू मी ऐकली. हवेली पाच भावांत वाटलेली, २,४०० रुपयांचे पाच वाटे होतात, आणि परकोटा २०१९ साली जागतिक वारसा यादीत गेल्यापासून दर्शनी भागाला हात लावायचा म्हटलं की नियम आडवे येतात. भाडं फार कमी आहे हे मला मान्य आहे. पण छत दर्शनी भागात येत नाही, आणि भाडं परवडत नसेल तर ते वाढवून घ्यायची वाट त्याच २००१ च्या कायद्यात आहे. "देख लेंगे" म्हणून माणसाला खर्चात लोटायचं आणि नंतर हात झटकायचे, याला कमी भाडं हे कारण होऊ शकत नाही.

मुदत संपायच्या आत मालकाचा मुनीम छत बघून गेला. तीन सह्यांच्या कागदाने जे केलं ते इतक्या वर्षांच्या फोनांनी केलं नव्हतं. उरलेलं अर्धं छत मालकाने स्वतःचा कारीगर लावून करायला घेतलं. ते काम मी बघितलं. जुना थर उकरून काढला, मलबा गोण्यांत भरून उतरवला. एका हौदात चुना भिजत होता, बाजूच्या ड्रमात मेथी, गूळ आणि गुग्गुळ. त्या ड्रमाचा वास, कडवट, गोड आणि देवघरासारखा एकदमच, आजही नाकात आहे. थर पसरल्यावर बायका ओळीने बसून लाकडी थापीने तो ठोकत मागे मागे सरकत होत्या, आणि त्या ठोकण्याला तासन्‌तास खंड नव्हता. खाली वहिनींनी पुन्हा त्याच खोलीत चहा टाकला होता. मजुरी किती, हे दादांनी त्या कारीगराला विचारलं आणि आकडा वहीत लिहून घेतला. त्यांच्या अर्ध्या छतालाही तेवढीच लागली होती.

आता राहिले आधीचे ४६ हजार. मालकाच्या वकिलाने उत्तर पाठवलं. चुना, सुरकी, खडी आणि नवी पट्टी यांची पक्की बिलं दादांकडे होती, १७,५०० रुपयांची. ती मान्य झाली. किरायानाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नव्हे, तर वेगळ्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी लिहून घेतलं की दर महिन्याच्या भाड्यातून हजार रुपये वजा होतील आणि ही कपात थकबाकी धरली जाणार नाही. हे शेवटचं वाक्य बाबूजींनी घातलं. ते नसतं तर चार महिन्यांची भीती तशीच राहिली असती.

मजुरी आणि मलबा उचलायचे २८,५०० मात्र मालकाने नाकारले. आदल्या वर्षीच्या गवंड्याला पैसे रोख दिले होते, पावती घेतली नव्हती. तो दौशाकडचा होता. गावी निघून गेला, फोन लागत नाही. बाबूजी म्हणाले, पाच हजारांवरच्या रकमेची पावती, एक रुपयाचं रसीदी तिकीट, त्यावर त्याची सही किंवा अंगठा, आणि त्याचा पत्ता, एवढं असतं तर हा आकडाही टिकला असता.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. आज आपला भाडेकरार काढून दुरुस्तीची ओळ शोधा. छत गळत असेल तर मालकाला फोन जरूर करा, पण त्याच दिवशी तेच लिहूनही पाठवा आणि पोच जपून ठेवा. आणि गवंडी काम संपवून हात धुवायला लागला की त्याला जाऊ देण्याआधी पावतीवर सही घ्या. दादांचे २८,५०० रुपये अजून मिळालेले नाहीत.