पाठ केलेला निबंध आणि सात बँड

‘सर, दहा निबंध पाठ आहेत, रायटिंगचं टेन्शन नाही.’ परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा म्हणून इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेला बसणाऱ्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांकडून हे सारखं कानावर येतं. संगमनेर, लोणी, कोपरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं असोत की राहुरीच्या कृषी विद्यापीठातली, मोबाइलवरच्या व्हिडिओंनी सगळ्यांच्या हाती एकच साचा दिलेला असतो. प्रस्तावना ठरलेली, जोडशब्द ठरलेले, शेवट ठरलेला, मध्ये विषय तेवढा भरायचा. याला ऑनलाइन सेल्फ स्टडी म्हणायचं आणि याच्या जोरावर सात बँड पक्के, असं मुलांना छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आयईएलटीएसच्या संकेतस्थळावर परीक्षकांच्या निकषांचा तक्ता कुणालाही फुकट वाचता येतो, त्याची सुधारित आवृत्ती 2023 मध्ये आली. त्यात चार कसोट्या आहेत आणि चारींना सारखं वजन आहे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पाठ केलेल्या, साचेबंद शब्दप्रयोगांचा अस्थानी वापर हे शब्दसंपत्तीच्या रकान्यात चौथ्या बँडचं लक्षण म्हणून दिलं आहे. अख्खं उत्तरच पाठांतराचं आहे हे सिद्ध झालं तर शून्य. नवव्या बँडच्या लेखनात वाक्यांची जोडणी अशी असते की ती वाचणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. ‘फर्स्टली’, ‘मोअरओव्हर’, ‘इन अ नटशेल’ प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर बसवणारा मुलगा नेमकं याच्या उलट करत असतो.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. समजा प्रश्न आहे: शहराच्या मध्यभागात खासगी गाड्यांना बंदी असावी, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? मुलाकडे ‘प्रदूषण’ तयार असतं. तो सुरू करतो, ‘इन टुडेज मॉडर्न एरा, पोल्यूशन इज अन अनडिनायेबल मेनेस’. मग कारखाने येतात, प्लास्टिक येतं, ओझोनचा थर येतो. बंदी हवी की नको, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही, म्हणजे पहिल्याच कसोटीवर उत्तर घसरलं. शिवाय पाठ केलेली ओळ संपून स्वतःचं वाक्य सुरू झालं की ‘पीपल इज सफरिंग’ येतं. एकाच परिच्छेदात दोन वेगवेगळ्या माणसांची इंग्रजी दिसते. हा सांधा प्रशिक्षित परीक्षकापासून लपेल असं कुणाला वाटतं?

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. दहावी-बारावीला गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांतली उत्तरं जशीच्या तशी उतरवून त्यांना गुण मिळालेले असतात. जे इतकी वर्षं चाललं ते इथेही चालेल असं त्यांना वाटणारच. राग येतो तो हे ठाऊक असूनही त्यांना पुन्हा पाठांतरच विकणाऱ्यांचा.

मग पुण्याला खोली घेऊन क्लास लावायचा का? नाही. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा आपला. अकोले किंवा जामखेड तालुक्यातल्या मुलासाठी ऑनलाइन साहित्य हे खरोखर वरदान आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या सराव प्रश्नपत्रिका फुकट आहेत, क्वीन्सलँड विद्यापीठाने एडएक्सवर आयईएलटीएसचा अभ्यासक्रम आणलेला आहे. पण व्हिडिओ पाहणं हा लेखनाचा सराव नव्हे. सराव म्हणजे घड्याळ लावून लिहिणं, ते तपासून घेणं आणि तोच निबंध पुन्हा लिहिणं.

रायटिंगमधल्या टास्क वनसाठी, म्हणजे तक्त्याच्या वर्णनासाठी, पावसाळ्यात आपल्याकडे रोज नवा प्रश्न छापून येतो. पेपरातला धरणसाठ्याचा तक्ता घ्या. भंडारदऱ्याची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट, मुळा धरणाची 26,000. आठवडाभराचे आकडे उतरवा आणि वीस मिनिटांत किमान 150 शब्द लिहा. बहुतेक मुलं सोमवारपासून रविवारपर्यंत एकेक आकडा वाचून दाखवतात. सातव्या बँडला मात्र स्पष्ट गोषवारा लागतो: दोन्ही धरणांत पाणी वाढलं, पण भंडारदरा आधी भरत आलं आणि मुळा मागे राहिलं. या तक्त्याचं नमुना उत्तर कुठेच मिळणार नाही, म्हणून तर तो घ्यायचा.

तपासणीचं काय? मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे गळलेला ‘द’ स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. दोघा मित्रांनी वह्या बदलाव्यात आणि एका वेळी एकच कसोटी तपासावी. केंब्रिजचं ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ चुका दाखवतं, पण ते युरोपीय पातळी सांगतं, आयईएलटीएसचा बँड नव्हे. चॅटबॉटला चुका दाखवायला सांगा, निबंध सुधारून मागू नका. मागितलात तर पाठ करायला अकरावा निबंध मिळेल. चॅटबॉटने दिलेला बँडही धरून बसू नका. कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, आठवड्यातून एक तास नाव झाकून एकाच मुलाचा निबंध फळ्यावर घ्या. व्हिडिओला हे जमत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जास्त शब्दांना जास्त गुण नाहीत; टास्क टूला, म्हणजे निबंधाला, किमान 250 लागतात, आणि त्याचं वजन टास्क वनच्या दुप्पट असल्याने साठातली चाळीस मिनिटं त्याला द्या. स्पेलिंग ब्रिटिश चालतं, अमेरिकनही चालतं. परीक्षकाला पटेल असं मत लिहायची गरज नाही, तुमचं मत नीट मांडलंय का एवढंच पाहिलं जातं. अमुक शहरातलं केंद्र सोपं ही अफवा आहे, निकष जगभर एकच आहेत. मराठी माध्यमात शिकलात म्हणून गुण कुणी कापत नाही.

आणि या परीक्षेत पास-नापास नसतं, किती बँड हवेत ते विद्यापीठ ठरवतं. पण एकूण बँडवर समाधान मानू नका. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 6.5 आणि रायटिंग 5.5 असतील तर सरासरी 6.625 येते आणि निकालावर 6.5 दिसतात. घरात पेढे वाटले जातात. मग विद्यापीठाची अट नीट वाचली जाते, कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी नको, आणि अर्ज त्या एका 5.5 वर अडतो.