शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं नातवंड चारठाण्याला येतं तेव्हा

‘आमच्या इथं सगळे शेंगदाणे खाऊनच मोठे झाले, कुणाला काही झालं नाही.’ जिंतूर तालुक्यातलं चारठाणा घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव. लंडनहून सुट्टीला येणाऱ्या सहा वर्षांच्या नातवाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे असं सांगितलं, की आजी हेच म्हणणार. आजी जे म्हणते ते तिच्या गावापुरतं खरंच आहे. प्रश्न एवढाच, की ते नातवाला लागू होतं का?

आधी आकडे बघू. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात शाळकरी मुलांमधली अन्नाची अ‍ॅलर्जी तपासली होती. हाँगकाँगमध्ये ती सुमारे दीड टक्का मुलांत आढळली, तर भारतातल्या नमुन्यात, म्हणजे कर्नाटकात, फक्त 0.14 टक्के. म्हणजे आजीनं असं मूल पाहिलेलं नसणं अगदी स्वाभाविक आहे.

मग नातवालाच का? ‘आपल्याच रक्ताचा आहे ना!’ पण नुसत्या रक्तावर हे ठरत नाही. 2008 साली ज्यू मुलांची तुलना झाली. ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी 1.85 टक्के, इस्रायलमधल्या मुलांत 0.17 टक्के. वंश सारखा, पण इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा खाऊ लवकर मिळतो. यावरूनच लंडनच्या किंग्ज कॉलेजचे गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी ‘लीप’ नावाचा प्रयोग केला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पूर्ण बंद ठेवला. पाचव्या वर्षी बंद ठेवलेल्या गटात 17.2 टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत 3.2 टक्के. हे 2015 साली प्रसिद्ध झालं आणि सल्ले बदलले.

इथं एक धोकादायक गैरसमज होतो: ‘मग आता थोडं थोडं देऊन सवय लावू.’ नाही! लीपमधली बाळं 4 ते 11 महिन्यांची होती आणि त्यांना अ‍ॅलर्जी जडायची होती. नातवाच्या शरीरात शेंगदाण्याच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली आहेत. ती त्याच्या पेशींवर आधीच चिकटून बसलेली असतात. प्रथिन आलं की पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. सवय लावायचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात, आजोळच्या ओट्यावर नाही.

आता स्वयंपाकघर. कूट कुठं नसतं? वांग्याच्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, ठेच्यात, पोह्यांत. उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका. त्यामुळे ‘त्याच्या ताटात कूट घालू नका’ एवढं पुरत नाही. मिक्सरचं भांडं, खलबत्ता, कढई, डाव यांना कूट लागलेलं असतं. त्याच्यासाठी एक वेगळं पातेलं, तवा आणि डाव ठेवा, त्याचं जेवण आधी करा. हात साबणानं धुवा; नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन नीट जात नाही. तेलाचंही बघा: घाण्याच्या तेलात प्रथिन राहू शकतं. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख करणं भारतात बंधनकारक आहे, पण सुट्या चिवड्याला, लाडवाला आणि प्रसादाला लेबल कुठून असणार? तिथं ‘नको’ म्हणणं हाच उपाय. शेजारच्या काकूंनाही आधीच सांगून ठेवा, कारण मुलाच्या हातावर चिक्की प्रेमानंच ठेवली जाते.

त्रास झालाच तर? बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत कळतं. अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे म्हणतात, ‘पित्त उठलं.’ शेंगदाण्यानंतर असं झालं तर कोकम देऊन वाट बघू नका. घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, वारंवार उलट्या, गळून जाणं, यांतलं काही दिसलं तर लगेच अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अ‍ॅलर्जीच्या गोळीनं खाज कमी होईल, श्वास मोकळा होणार नाही. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसवा, पण चालवू नका. 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

आपोआप टोचणारी अ‍ॅड्रेनालिनची पेनं भारतात सहज मिळत नाहीत. म्हणून निदान दोन पेनं तिकडूनच आणा, डॉक्टरांच्या पत्रासह, विमानात हातातल्या पिशवीत. परभणीचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो आणि हे औषध पंचवीसच्या आसपास ठेवायचं असतं. गाडीत विसरू नका, फ्रीजमध्येही नको. थंडावा टिकवणारी पिशवी घ्या. आल्या आल्या जवळच्या डॉक्टरांना भेटा. अ‍ॅड्रेनालिनची कुपी त्यांच्याकडे आहे का ते विचारा, मुलाचं वजन सांगा. मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम असते.

आणि आजीला फोनवर ‘खायला देऊ नका’ एवढंच सांगू नका. पेन कसं टोचायचं ते सरावाच्या, सुई नसलेल्या पेनावर तिला दाखवा. दुपारी सगळे झोपलेले असताना नातवाजवळ बहुधा तीच जागी असते.