जिल्ह्याची सरासरी आणि गावकुसाबाहेरचे आरोग्य

असोद्याच्या आमच्या वस्तीत मी जिल्ह्यांच्या आरोग्याचे तक्ते वाचून दाखवत होतो. एका म्हातारीने विचारले, "भाऊ, यात आपली वस्ती कुठं आहे?" मी पाने चाळली. जळगाव होते, असोदा नव्हते. वस्तीचा तर प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर, नंदुरबार सर्वांत खाली आहे. आमचा जळगाव या दोहोंच्या मधे. पण तेवढ्यावरून कोणी निर्धास्त होऊ नये. समजा, शंभर घरांच्या गावात घरटी एक मूल आहे. गावातल्या ऐंशी घरांतली मुले धडधाकट, गावकुसाबाहेरच्या वीस घरांतली निम्मी कुपोषित. गावाचा आकडा निघतो दहा टक्के. पन्नास टक्क्यांचे दुःख असे दहा टक्क्यांत पुरले जाते.

खानदेशातच पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धडगाव, अक्कलकुव्याचे सातपुड्यातील पाडे तिकडे गेले आणि कागदावर धुळ्याची प्रकृती एका रात्रीत सुधारली. एकाही पोराच्या तोंडात जास्तीचा घास पडला नव्हता! २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारात अनुसूचित जमाती सुमारे ६९ टक्के, जळगावात सुमारे १४. तेव्हा जिल्ह्यांची तुलना ही पुष्कळदा जातीजमातींचीच तुलना असते. नाव तेवढे भूगोलाचे.

विकासाचा अनुशेष मोजताना दांडेकर समितीने १९८४ साली जिल्हा हे एकक धरले. केळकर समितीने २०१३ साली तालुक्यापर्यंत उतरायला सांगितले. पण तालुक्याच्या सरासरीतही महारवाडा, मांगवाडा, भिलाटी बुडतेच. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने २०२० साली घेतला. आरोग्याच्या तक्त्यांत मात्र त्या जुन्याही नावाने नाहीत आणि नव्याही नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) जिल्हावार पत्रके निघाली आहेत. त्यांत स्त्रियांचा रक्तक्षय आहे, मुलांची खुंटलेली वाढ आहे, जात नाही. जातवार आकडे राज्याच्या पातळीवर मिळतात. म्हणजे जळगावची स्त्री कळते, महाराष्ट्राची दलित स्त्री कळते. जळगावची दलित स्त्री कळत नाही. नेमकी तीच माझ्यासमोर बसली होती.

आम्ही तिघांनी वही घातली. पहिले घर त्या म्हातारीचे. नळ किती पावलांवर, शेवटचे बाळंतपण कुठे झाले, केळीच्या बागेत फवारणीला कोण जाते, आजारपणाला कर्ज किती काढले, एवढेच प्रश्न. वही निम्मी भरली आहे.