गोवर उतरला, तरी लेकराला जपा

मी भंडाऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. परवा लाखनीकडची एक आजी नातवाला घेऊन आली. "गोवर तर गेला जी, मंग हा ताप-खोकला कायचा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर आपल्या प्रतिकारशक्तीत आहे.

आपल्या शरीरात डेंड्रायटिक पेशी असतात. जंतू सापडला की त्याचा तुकडा घेऊन त्या लसिका ग्रंथीत जातात आणि जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींना दाखवतात. गोवराचा विषाणू नेमका या निरोप्यालाच गाठतो.

बाधित डेंड्रायटिक पेशी ग्रंथीपर्यंत पोचते, टी पेशीला चिकटतेही. पण तिच्या पृष्ठभागावर आता विषाणूची प्रथिने असतात. त्यांचा स्पर्श झाला की टी पेशीची वाढ थांबते. शिवाय आयएल-१२ हा रासायनिक संदेशही कमी पडतो.

जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशीही विषाणू मारतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा गोवरानंतर त्यांच्या जुन्या अँटिबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या दिसल्या. म्हणून मागून न्यूमोनिया, जुलाब येतात.

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात उद्रेक झाला, मुलं दगावली. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण लस मोफत आहे: गोवर-रुबेला (एमआर) लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत.

कडुलिंबाचा पाला दाराला जरूर बांधा, पण डॉक्टरांना दाखवा आणि 'अ' जीवनसत्त्वाचे डोस विचारून घ्या.