मामांचे इंजिन

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाचे हात फार तर खडूने पांढरे व्हायचे. गेल्या दिवाळीत मात्र माझे हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि उटणे, साबण, राख या तिघांनाही त्यांनी दाद दिली नाही. भाऊबिजेला मी तशाच काळ्या नखांनी पाटावर बसलो. बहिणीने ओवाळता ओवाळता विचारले, “दादा, हे काय?” मी म्हणालो, “विद्या!”

त्या विद्येचीच ही हकीगत.

माझे आजोळ जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठी, नारायणगावपासून थोड्या अंतरावर. १९७२च्या दुष्काळानंतर आजोबांनी एक बैलजोडी विकून पाच हॉर्सपॉवरचे ऑइल इंजिन आणले. तोवर विहिरीवर मोट होती, नाडा होता, धावेवर खालीवर करणारे बैल होते. इंजिन आले आणि बैलांच्या जागी ‘पुक्-पुक्-पुक्’ असा आवाज मळ्यात घुमू लागला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा भाचरांना त्या आवाजानेच जाग येई. मामांच्या भाषेत ते इंजिन नव्हेच. ते ‘इंजान’, आणि त्यात ओतायचे डिझेल म्हणजे ‘क्रूड’.

पुढे कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले. त्याच्या जलाशयात जुने आंबेगाव गाव बुडाले. तालुक्याला नाव तेवढे उरले, कचेरी घोडेगावला. कालवे आले, वीज आली, विहिरीवर मोटार बसली. इंजिन शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेले. ते दुरुस्त करणारे मंचरचे मिस्त्रीही गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइल विकतात.

पण पाण्याबरोबर आणखी एक पाहुणा आला. पाणी आले म्हणून ऊस आला, आणि उसात बिबट्या राहू लागला. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना आता ही बातमी राहिलेली नाही, ती रोजची काळजी झाली आहे. त्या आठवड्यात मळ्यावरची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीची होती. कांद्याचे रोप नुकतेच उगवलेले, त्याला हलके पाणी देणे भाग होते. आणि शेजारच्या उसात मादी पिल्लांसह दिसलेली. मामेभाऊ रात्री बॅटरी आणि काठी घेऊन निघाला, तशी मामी दारात आडवी उभी राहिली. “रोप जळालं तर जळू दे. तू जायाचं न्हाई.”

घरात कोणी बोलेना. वर्षाचा कांदा त्या रोपावर होता. तेवढ्यात बाजेवरून मामा म्हणाले, “सकाळी इंजान काढा. दिवसा पाणी देऊ.”

मामांचे वय सत्याहत्तर. हात कापतात, आणि पन्नास वर्षे इंजिनाशेजारी काढल्यामुळे म्हणा किंवा वयामुळे म्हणा, ऐकायला जवळजवळ येत नाही. सकाळी त्यांची बाज शेडच्या दाराशी ठेवली. हात आम्हा दोघांचे, डोके त्यांचे.

वाचकहो, आता थोडे या यंत्राविषयी. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरचे इंजिन १८९७मध्ये यशस्वी झाले. त्याची खुबी अशी की, त्यात ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवेला इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत इंधनाचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. आपल्याकडे सातारा रोडचा कूपर कारखाना आणि १९४६ साली स्थापन झालेली पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनी अशी इंजिने गावोगाव पोचवली. मामांच्या इंजिनाचे नाव मात्र रंगाच्या थरांखाली केव्हाच गेले आहे.

म्हणजे पाहण्याच्या गोष्टी तीनच: हवेला दाब, इंधनाला वाट आणि फवाऱ्याला जोर. “आधी दाब बघ,” मामा म्हणाले. मी हँडल फिरवले. दाब असला की चाक उसळी मारून मागे येते. आमचे चाक मऊपणे पुढे गेले. मामांनी हवेच्या वाटेने चमचाभर ऑइल सोडायला लावले. पडून राहिल्याने दट्ट्याच्या रिंगा कोरड्या पडतात, तेलाने त्या तात्पुरत्या घट्ट बसतात. पुन्हा फिरवले, तर चाकाने उसळी मारली. तेल दिल्यावरही दाब आला नसता, तर दोष व्हॉल्व्हमध्ये शोधायचा.

मग टाकी. तळाशी पाणी आणि चिखल. सगळे जुने इंधन काढले, फिल्टर धुतला, ताजे डिझेल गाळून ओतले. आता नळीतली हवा काढायची. फिल्टरचा बोल्ट सैल केला की आधी फेस येतो. फेस संपून अखंड धार आली की बोल्ट आवळायचा. मग तेच पंपापाशी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी इंजिन रुसून बसते, कारण पंपाचा दाब ती हवाच खाऊन टाकते.

इथे मला जुने पाप आठवले. तेरा-चौदा वर्षांचा असताना मामांनी मला टाकीवर लक्ष ठेवायला बसवले होते. मी कादंबरी वाचत राहिलो, टाकी कोरडी पडली, इंजिन बंद. मी भीतीने गप्प बसलो आणि मामांचा अर्धा दिवस हवा काढण्यात गेला.

“आता हँडल मार, आणि नोझल बोलतं का बघ.” सिलिंडरमध्ये फवारा बरोबर पडत असला की ‘कर्र’ असा आवाज येतो. मी कान लावला. काही नाही. मामा बाजेवरून उठले, मला बाजूला सारून त्यांनी नोझलच्या नळीवर तळहात ठेवला. “फिरव.” मी फिरवले. “मुकं हाय. काढ.” ज्यांना माझे शब्द ऐकू येत नव्हते, त्यांना नोझलचे मुकेपण हाताला कळले.

नोझलच्या तोंडावर काजळीची पुटे होती. ती डिझेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशने हलकेच काढली. “सुई घालू नको, भोकं मोठी व्हतील.” पुन्हा बसवले, फिरवले. कर्र! मामांचा हात नळीवरच होता, ते हसले.

मग हँडल मारणे. त्याचे नियम मामांनी पाठच करून घेतले: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचते. दाब सोडण्याची कळ उचलून चाकाला वेग द्यायचा, मग कळ टाकायची. बंद करताना ती कळ वापरायची नाही, व्हॉल्व्ह खराब होतात, इंधनच तोडायचे. पट्ट्याजवळ उपरणे नको, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवायचे नाही, धुराने जीव जातो.

तिसऱ्या फेरीला इंजिनाने पांढरा धूर सोडला, खोकले, आणि ‘पुक्-पुक्’ सुरू झाले. “पांढरा धूर आत्ता थंडीचा हाय, जाईल,” मामा म्हणाले. “ऱ्हायला तर दाब कमी, न्हाईतर आत पाणी. काळा आला तर वझं जास्त, हवा कमी, न्हाईतर नोझल घाण. निळा आला तर रिंगा ऑइल खात्यात.” पाच मिनिटांत धूर जवळजवळ दिसेनासा झाला. फूट व्हॉल्व्ह गळत होता, म्हणून पंपात शेणकाला ओतला. पाण्याने धर घेतला आणि अकराच्या आत ते वाफ्यात पोचले. त्या रात्री मामेभाऊ घरात झोपला. मामीने अनारशांचा डबा प्रथमच पूर्ण उघडला.

मामेभावाने सौरपंपासाठी अर्ज केला आहे. तो यावा, लवकर यावा. माणसाने जीव मुठीत धरून पाणी देऊ नये. पण इंजिन भंगारात घालायचा बेत त्याने सोडला आहे. मी मामांचे सगळे सांगणे ठळक अक्षरांत लिहून शेडच्या भिंतीला लावले. एक गोष्ट मात्र कागदावर उतरली नाही: नळीवर हात ठेवल्यावर काय जाणवायला हवे, ती. त्यासाठी मामांनी आम्हा दोघांचे हात आलटून पालटून आपल्या हाताखाली धरले.

निघताना मी त्यांच्या कानाशी ओरडून जुने पाप कबूल केले. मामा म्हणाले, “ठाऊक हुतं. पुस्तकाच्या पानावर क्रूडचा डाग हुता.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू वाचत हुतास,” मामा म्हणाले, आणि त्यांनी मला टाकीचे झाकण नीट लावायला सांगितले.