केसपेपरवरचा घोटा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून वेळापूरकडे निघते आणि धावाबावीच्या उतारावर वारकरी धावू लागतात. येथूनच तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. डोक्यावर तुळस, पायात झिजलेली चप्पल आणि पुढे उतार. अशा वेळी पाऊल वाकडे पडले, तर पहिला मार बसतो घोट्याला. वारी वर्षातून एकदाच येते. एरवी घोटा मोडायला घसरलेली दुचाकी, उसाच्या शेतातला निसरडा बांध किंवा ट्रॉलीतून मारलेली उडी पुरेशी असते.

अशा रुग्णाचा प्रवास ठरलेला असतो. वेळापुरात पट्टी आणि वेदनाशामक इंजेक्शन, एक्स-रे बहुधा अकलूजला, शस्त्रक्रिया लागली तर पंढरपूर किंवा सोलापूर. दर थांब्यावर नवा डॉक्टर भेटतो आणि तो आधीचा कागद वाचतो. त्या कागदावर अनेकदा हॅशचे एक चिन्ह आणि पुढे ‘अँकल’ एवढेच असते. वैद्यकीय लिपीत त्याचा अर्थ ‘घोट्याचे हाड मोडले’. कोणत्या पायाचे, कोणते हाड, जखम होती की नाही, कशामुळे मोडले, यातले काहीच कळत नाही.

घोटा हे एक हाड नव्हे. आतला उंचवटा नडगीच्या मोठ्या हाडाचा, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचा. या दोहोंच्या बेचक्यात पावलाचे हाड बसते. मागच्या बाजूला मोठ्या हाडाची आणखी एक कड असते. फक्त बाहेरचा उंचवटा तडकला असेल आणि सांधा जागेवर असेल, तर पुष्कळदा प्लास्टरवर भागते. आतला-बाहेरचा दोन्ही किंवा मागची कडही मोडली, तर सहसा प्लेट-स्क्रू लागतात. सांधा किती नाजूक असतो, ते रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये मृतदेहांच्या पायांवर मोजले होते. पावलाचे हाड केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकले, तरी सांध्यातील हाडांचा परस्परांशी संपर्क सरासरी ४२ टक्क्यांनी घटला. म्हणून ‘घोटा मोडला’ हे अर्धेच निदान ठरते.

या अर्ध्या निदानाचे पुढे काय होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात स्पष्ट दिसते. १८९३ मध्ये बर्टिलॉन या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीतून हे वर्गीकरण वाढत गेले. त्याच्या दहाव्या आवृत्तीत आतल्या घोट्याच्या अस्थिभंगाला एस ८२.५ आणि बाहेरच्याला एस ८२.६ हा कोड आहे. दोन किंवा तीन ठिकाणी मोडलेला घोटा एस ८२.८ मध्ये जातो. गंमत अशी, की ‘घोटा मोडला, तपशील नाही’ अशी नोंदही याच एस ८२.८ मध्ये पडते. साधी चीर आणि तीन ठिकाणी चुराडा एकाच खणात! वर्षाच्या शेवटी जिल्ह्यात किती गंभीर घोटे आले, किती प्लेट लागतील, असे कोणी विचारले, तर त्या आकड्यावरून काय सांगणार?

उघड्या जखमेचे आणखी अवघड आहे. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविके आणि जखमेची सफाई तातडीने हवी. पण उघडा की बंद हे डॉक्टरने लिहिले नाही, तर वर्गीकरणाच्या नियमाने तो अस्थिभंग ‘बंद’ धरला जातो. कोड लावणारा कर्मचारी रुग्ण पाहत नाही, कागद पाहतो. त्याने अंदाज करावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत डावा-उजवा आणि उघडा-बंद हे जोडकोडने दाखवण्याची सोय आहे. मात्र जोडायला मूळ कागदावर ते लिहिलेले हवे.

डावा-उजवा ही चूक क्षुल्लक वाटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मिळवताना मात्र ती नडते. पूर्वमंजुरीसाठी पाठवलेल्या एक्स-रेत उजवा पाय आणि टिपणात डावा असेल, तर शंका निघते आणि कागद परत येतो. तोवर रुग्ण सुजलेला पाय उशीवर ठेवून वाट पाहत पडतो आणि नातेवाईक आरोग्यमित्राच्या टेबलापाशी चकरा मारतात.

पोलीस प्रकरण असेल, तर एकेक शब्द महाग पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणे किंवा निखळणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे. नुसता मुरगळलेला घोटा सहसा साध्या दुखापतीत राहतो. मारहाणीत घोट्याला सूज आलेली पाहून एक्स-रेआधीच प्रमाणपत्रावर ‘मुरगळला’ लिहिले आणि दोन दिवसांनी चीर दिसली, तर दोन कागद एकमेकांशी भांडतात आणि वकील त्यांच्यात उभा राहतो. ‘एक्स-रे अहवालानंतर मत देऊ’ हे वाक्य लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. अपघात भरपाईच्या दाव्यातही न्यायाधिकरण पहिल्या दिवसाची नोंद शोधते, कारण तीन वर्षांनंतरचे लंगडणे त्या दिवसाच्या अपघाताशी जोडायचे असते.

एक्स-रे तरी कोणाचा काढायचा? कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले नियम यासाठी उपयोगी आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखते का? इजा झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नाहीत का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर एक्स-रे काढावा. हीच दोन उत्तरे केसपेपरवर उतरवली, की पुढच्या डॉक्टरला निम्मी तपासणी वाचायला मिळते.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एवढे लिहायला वेळ कुठे, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. पण ‘उजवा, बाहेरचा घोटा, बंद, दुचाकी घसरून, काल सायंकाळी’ या एका ओळीत बहुतेक काम होते. कारण लिहिण्याचाही उपयोग आहे. दुचाकीस्वारांच्या अपघातांना व्ही २० ते व्ही २९, तर घसरून किंवा अडखळून पडण्याला डब्ल्यू ०१ असे वेगळे कोड आहेत. ते नीट भरले, तर मदतकेंद्र उतारावर हवे की महामार्गाच्या वळणावर, हे आकड्यांवरून ठरवता येते.

रुग्णाच्या बाजूनेही थोडी दक्षता हवी. डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर बाजू, हाडाचे नाव आणि अपघाताची तारीख तपासावी. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून डॉक्टरांची सही घ्यावी. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. आजकाल एक्स-रेचा फोटो मोबाइलवर पाठवून काम भागवले जाते. त्या फोटोत नाव, तारीख आणि डाव्या-उजव्याची खूण कापली गेलेली नाही ना, हे पाहावे आणि मूळ फिल्म मिळाली असेल तर ती गादीखाली दुमडून न ठेवता सपाट ठेवावी.