गांजाविषयक सह्यता : स्वरूप, कारणमीमांसा आणि उपाययोजना

प्रस्तावना

गांजा ओढणाऱ्यांच्या बैठकीत 'याला काही चढत नाही' हे वाक्य बहुधा कौतुकाने उच्चारले जाते. नवखा तरुण दोन झुरक्यांत गरगरतो आणि मुरलेला माणूस चिलीम संपवूनही शांतपणे बोलत राहतो. यावरून दुसऱ्याची प्रकृती अधिक काटक आहे असा अर्थ लावण्यात येतो. औषधशास्त्रास हा अर्थ मान्य नाही. एखाद्या द्रव्याचे तेच प्रमाण वारंवार घेतल्यानंतर त्याचा परिणाम कमी होणे, किंवा तोच परिणाम साधण्यासाठी प्रमाण वाढवावे लागणे, यास सह्यता अर्थात टॉलरन्स अशी संज्ञा आहे. वारंवार होणाऱ्या माऱ्यापुढे मेंदूने केलेली ती एक तडजोड होय. ही तडजोड कशी घडते, किती काळात ओसरते आणि ओसरताना कोणते धोके व गैरसमज उद्भवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अध्यापकवर्गाचा या विषयाशी थेट संबंध येतो, कारण नशा सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले दोन-तीन आठवडे वर्ग, वसतिगृह आणि परीक्षा यांच्या वेळापत्रकातच जात असतात.

पार्श्वभूमी

भांग म्हणजे प्रामुख्याने पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे राळ, हे वर्गीकरण भारतात जुनेच आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने १८९४ च्या आपल्या अहवालात हेच वर्गीकरण स्वीकारले आणि बेताचे सेवन व अतिसेवन असा भेद केला. तथापि सह्यतेचा विचार करता हा भेद वाटतो तितका सोपा राहत नाही. एकाचे बेताचे प्रमाण दुसऱ्यासाठी अतिरेकी ठरू शकते. इतकेच नव्हे, तर एकाच व्यक्तीचे मार्चमधील बेताचे प्रमाण जूनमधील खंडानंतर तिलाच झेपेनासे होते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३.१ कोटी भारतीयांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काही सेवन केले होते. त्यात भांग घेणारे सुमारे २.२ कोटी, तर गांजा व चरस घेणारे सुमारे १.३ कोटी होते. महाशिवरात्रीस एकदा भांग घेणारा आणि रोज तीन वेळा गांजा ओढणारा हे दोघेही या एकूण आकड्यात समाविष्ट आहेत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे.

सह्यता कशी निर्माण होते

गांजातील मुख्य मादक घटक टीएचसी हा १९६४ मध्ये इस्राएलमधील राफाएल मेकुलम आणि येचिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूत नेमका कोठे कार्य करतो, हे मात्र पुढील पंचवीस वर्षे अज्ञातच होते. १९८८ मध्ये उंदराच्या मेंदूत त्यास बांधून घेणारा ग्राही आढळला आणि १९९० मध्ये त्याचे जनुक वेगळे करण्यात आले. त्यास पुढे सीबी-१ हे नाव मिळाले. मेंदूत असा ग्राही असेल तर शरीराने स्वतः तयार केलेले त्याला अनुरूप असे द्रव्यही असले पाहिजे, हा तर्क १९९२ मध्ये खरा ठरला. त्या द्रव्याला संशोधकांनी 'आनंद' या संस्कृत शब्दावरून आनंदमाइड हे नाव दिले.

आनंदमाइड गरजेपुरते, ठरावीक जागी आणि अल्पकाळ निर्माण होते व विकरे त्याचे त्वरित विघटन करतात. चेतापेशींमधील संदेशांची तीव्रता जरूर तेथे कमी करणे हे त्याचे काम. टीएचसी मात्र सर्वत्र एकाच वेळी पोहोचतो आणि दीर्घकाळ टिकतो. रोजच्या सेवनाने ग्राहींवर सतत मारा होऊ लागला की चेतापेशी दोन टप्प्यांत प्रतिसाद देते. प्रथम ग्राही जागेवर असूनही पेशीच्या आतील यंत्रणेशी त्याचा असलेला दुवा सैल होतो. दाराची घंटा वाजते, पण आत कोणी उठत नाही. त्यानंतर पेशी ग्राहींनाच पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि त्यांची उपलब्ध संख्या घटते. यकृताने टीएचसीचा निचरा अधिक वेगाने करणे हा भाग सह्यतेत गौण आहे. मुरलेल्या माणसास गांजा 'पचतो' ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. त्याच्या रक्तात टीएचसी असतोच, मेंदू त्याला कमी दाद देतो एवढेच.

हा बदल मेंदूत सर्वत्र सारखा होत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात तो लवकर व अधिक प्रमाणात, तर हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या खोलवरच्या केंद्रकांत उशिरा व कमी प्रमाणात दिसून येतो. परिणामी एका परिणामाची सह्यता आली म्हणून दुसऱ्याची आलीच असे म्हणता येत नाही. 'मला चढलेली नाही, मी गाडी चालवू शकतो' हे विधान त्यामुळे विश्वासार्ह मानता येणार नाही.

सह्यता ओसरण्याचा काळ

या बदलांचा सर्वांत आश्वासक विशेष म्हणजे ते बहुतांशी परतवता येतात. अमेरिकेत हिरव्होनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यकात सीबी-१ ग्राही सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. देखरेखीखालील सुमारे चार आठवड्यांच्या वर्जनानंतर हिप्पोकॅम्पस वगळता इतर भागांत ते पूर्ववत झाले. येल विद्यापीठातील २०१६ च्या एका लहान अभ्यासात अवघ्या दोन दिवसांतच ही तूट लक्षणीय प्रमाणात भरून निघाल्याचे दिसले.

या निष्कर्षांतून दोन परस्परविरोधी व्यवहार निघू शकतात. काही सेवनकर्ते मुद्दाम काही दिवसांचा खंड पाडतात, तो कमी गांजात पुन्हा पूर्वीइतकी नशा यावी म्हणून. व्यसनमुक्तीच्या वाटेवरील व्यक्तीचा खंडही शरीराच्या दृष्टीने तसाच असतो, हेतू मात्र वेगळा. शरीरास हेतू कळत नाही. दोघांनाही खंडानंतर जुने प्रमाण एकदम घेतल्यास छातीत धडधड, तीव्र भीती, उलट्या, संशयग्रस्तता असा त्रास होऊ शकतो. मेंदूच्या ज्या भागातून श्वसनाचे नियंत्रण होते, तेथे सीबी-१ ग्राही विरळ असल्याने गर्दच्या व्यसनाप्रमाणे श्वास थांबण्याचा धोका येथे सहसा नसतो. परंतु बाजारातील मालाची तीव्रता पूर्वीसारखी राहिलेली नाही हेही ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकेत जप्त केलेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मधील सुमारे ४ टक्क्यांवरून २०१४ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर गेले होते. युरोपातील २०१९ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीच्या पहिल्या झटक्याची शक्यता, कधीही न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट आढळली. सह्यता माणसास तीव्र मालाकडे ढकलते, ही गोष्ट या संदर्भात अधिक गंभीर ठरते.

भांगेबाबत आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. पोटात घेतलेल्या भांगेचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही सुरू होतो. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा पेला घेणारा पाहुणा सह्यता नसूनही सह्यता असल्यासारखा वागतो आणि मग त्यास एकदम दोन पेल्यांना तोंड द्यावे लागते.

वर्जनाचे पहिले आठवडे

ग्राही पूर्ववत होण्याचा हाच काळ सेवनकर्त्यास सर्वाधिक जड जातो. व्यसनमुक्ती केंद्रांत ज्यास विथड्रॉवल म्हणतात ती लक्षणे सामान्यतः एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात शिगेस पोहोचतात आणि दोन-तीन आठवड्यांत निवळतात. चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, विचित्र व ठळक स्वप्ने, अन्नावरील वासना उडणे, घाम आणि खिन्नता ही त्यांपैकी प्रमुख होत. गांजा सोडल्यावर असे काही होतच नाही, ही समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने या लक्षणसमूहास २०१३ मध्येच स्थान दिले. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जात असल्याने निकोटिनच्या अभावाचा त्रासही यात मिसळतो आणि कोणते लक्षण कशाचे हे ओळखणे अवघड होते.

यासाठी सर्वमान्य असे खास औषध आजही नाही. समुपदेशन, झोपेची शिस्त, व्यायाम आणि संगतीत बदल यांवरच भर द्यावा लागतो. एकदम सोडणे न झेपणाऱ्याने दिवसातील पहिली वेळ पुढे ढकलीत नेणे आणि वेळांची संख्या घटविणे हा मार्ग समुपदेशकाच्या मदतीने अवलंबिता येतो. वारंवार उलट्या होऊन गरम पाण्याच्या स्नानानेच आराम वाटणे हे दीर्घ सेवनाच्या एका विकाराचे लक्षण असून, त्यावर सेवन थांबविणे हाच खरा इलाज आहे. भास किंवा अकारण संशय दिसल्यास मात्र समुपदेशनावर न थांबता मनोविकारतज्ज्ञास त्वरित दाखविले पाहिजे.

महाविद्यालयाच्या संदर्भात

गांजा सोडलेला विद्यार्थी सोडण्यापूर्वीपेक्षा वाईट दिसतो. सह्यतेच्या आधारे जो वर्गात शांत बसत असे, तोच आता रात्रभर जागा राहतो, तासाला डुलक्या घेतो आणि साध्या प्रश्नावर उसळतो. याच टप्प्यावर त्याची तक्रार प्राचार्यांकडे जाण्याचा संभव असतो. दुसरा गैरसमज लघवीच्या तपासणीचा. टीएचसी मेदात साठून सावकाश बाहेर पडतो. रोज सेवन करणाऱ्याची तपासणी अखेरच्या सेवनानंतर कित्येक आठवडे सकारात्मक येऊ शकते. तेवढ्या एका अहवालावरून त्याने पुन्हा सुरुवात केली असे ठरवून वसतिगृहातून काढणे शास्त्राला धरून होणार नाही.

कायद्याची भीती हाही मदत मागण्यातील मोठा अडसर आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम २७ अन्वये गांजासेवनास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याचे कलम ६४-अ मात्र, मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस, सेवन आणि अल्प प्रमाणातील बाळगणुकीच्या गुन्ह्यासंबंधी खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. अनेक पालकांना हे कलम ठाऊक नसते, आणि अध्यापकांनाही क्वचितच. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत, तसेच शासकीय रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत उपचारांची सोय आहे; १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते. अशा विद्यार्थ्याची अंतर्गत चाचणी दोन आठवडे पुढे ढकलता येईल का, याचा विभागाने विचार करावा.